ओढ्यात गेलेली जमीन

सांगवी,
५ जानेवारी

चि. प्रज्वल,
सप्रेम जयभीम.

नव्या वर्षाच्या शुभेच्छांसाठी हे पत्र नाही. तू मोबाइलवर धाडलेलं गुलाबाचं चित्र मिळालं, तेवढ्यावर दोघांचं भागलं असं समज. फोन केला असता, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस. म्हणून लिहिते आहे. उत्तरही कागदावरच पाहिजे.

काल दुर्गाबाई आली होती. मी पिंपरीच्या कंपनीत कायदा विभागात टायपिस्ट होते, तेव्हा ती तिथल्या कँटीनमध्ये होती. चाकणच्या अलीकडे धामणमळ्यात तिची थोडी जमीन आहे. त्यात दोन खोल्या, एक विहीर आणि झेंडूचे वाफे. मुलगा ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तिच्या दक्षिणेची जमीन गेल्या वर्षी एका गोदामवाल्या कंपनीने घेतली. त्यांना आता भिंत घालायची आहे. गेल्या आठवड्यात कोणीतरी दुर्गाबाईच्या घराच्या मागून, विहिरीला पलीकडे टाकून, लाल फडकी बांधलेल्या लोखंडी सळ्या ठोकून गेलं. तिने विचारलं तर कंपनीची माणसं म्हणाली, "मावशी, तुमचं घर आमच्या गटात येतंय. घाबरू नका, तुमची जमीन कुठं गेली नाही. ती तिकडं उत्तरेला आहे."

"उत्तरेला कुठं?"

"ओढ्यात."

माझ्या स्वयंपाकघरात बसून ती म्हणाली, "बाई, माझी जमीन वढ्यात हाय म्हनत्यात. आता मी काय तितं मासं धरू?"

मला हसू आलं. मग तिने कनवटीचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. 'प्रज्वल भालशंकर, शासनमान्य सर्व्हेअर.' सळ्या ठोकणाऱ्या "लई गोड बोलनाऱ्या पोराने" ते दिलं होतं.

कोणत्या शासनाने तुला मान्य केलं, ते मला कळव. जमिनीची हद्द कायम करण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापकाला असतो. खासगी माणसांना परवाने देणार, अशा बातम्या मीही वाचते, पण तो परवाना तुझ्या खिशात नाही. कायद्याच्या लेखी तू भूमापक नाहीस. तू डिप्लोमा झालेला, हातात यंत्र असलेला एक मुलगा आहेस. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून कोणी डॉक्टर होत नाही.

यासाठी तुला कोणी काय दिलं, तेही लिही. मला खरं ऐकायचं आहे.

आत्या


चाकण,
१० जानेवारी

प्रिय आत्या,
जयभीम.

मला कुणी काही दिलं नाही. हा प्रश्न तू विचारलास याचं वाईट वाटलं. पण तू तसाच विचारणार, हेही माहीत होतं.

कार्ड सुजितसरांनी छापलंय. फर्ममधल्या आम्हा सगळ्यांना एकच मजकूर आणि खाली फक्त नाव वेगळं. मी एकदा म्हणालो होतो, "सर, शासनमान्य कसं?" ते म्हणाले, "अरे, शासनाने अमान्य केलंय का?" मी कार्डं खिशात घातली.

पण मोजणी चोख आहे, आत्या. आमचं रोव्हर यंत्र बोटभरही चुकत नाही. फक्त जुना गावनकाशा जमिनीवर बसवायचा, तर जमिनीवरची एक तरी जुनी खूण हाती असावी लागते, जिथून सुरुवात करायची. रस्ता रुंद झाला तेव्हा त्या बाजूचे बहुतेक दगड गेले. राहिला तो शिवेवरचा दगड. त्याला शेंदूर लावलाय, गाव त्याला म्हसोबा म्हणतं. मी चार लोकांना विचारलं, दुर्गामावशींनाही विचारलं. सगळ्यांनी हात जोडून जुना दगड म्हणूनच सांगितलं. तिथून नकाशा बसवला आणि हद्द त्यांच्या घरामागे आली. ओढ्याचं म्हणशील तर ओढे पात्र बदलतात. दगड बदलत नाही.

आता माझं एक ऐक. परवाने येणार आहेत. डिप्लोमा माझ्याकडे आहे. कुणाच्या तरी हाताखाली मोजणीचं काम केल्याचा अनुभवाचा दाखला लागेल असं सगळे म्हणतात, आणि तो सुजितसर देणार आहेत. आज मी शेतात गेलो की लोक हाक मारतात, "ए मशीनवाल्या." परवाना मिळाला तर माझ्या सहीला किंमत येईल. अशा वेळी माझ्या नावाने एक तक्रार गेली तरी सगळं संपेल. तू कचेरीत जाऊ नकोस. पाया पडतो.

तुझा,
प्रज्वल


सांगवी,
१४ जानेवारी

चि. प्रज्वल,

कचेरीत गेले नाही. धामणमळ्यात गेले. भोसरीहून बस, पुढे रिक्षा. मकरसंक्रांतीचा दिवस, गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण गेले.

तुझी सळई दुर्गाबाईच्या मोरीपासून हातभर अंतरावर आहे. तिची सून भांडी घासत होती. तिने पाण्याचा तांब्या सळईवर लवंडला आणि म्हणाली, "रोज घालते. उगवली तर उगवली."

तुझे सुजितसर तिथेच भेटले. काळा चष्मा आणि बोलण्यात साखर.

"मॅडम, सरकारी मोजणीला नंबर लागायला किती महिने जातात, माहितीये ना? तोवर ह्यांनी गोदाम काय हवेत बांधायचं?"

मी म्हटलं, "तुमच्या मोजणीला कायद्यात काडीची किंमत नाही."

"किंमत नाही तर एवढ्या लांबून भांडायला कशाला आलात?"

या माणसाला जवळजवळ दाद द्यावीशी वाटली, इतकं ते उत्तर बेरकी होतं. पण खरंही होतं. सळईला कायद्यात किंमत नसेल, पण सळईवर भिंत उभी राहिली की भिंतीला किंमत येते. मग दुर्गाबाईने कोर्टात जायचं आणि तिच्या नातवाने निकाल ऐकायचा. प्रजासत्ताक दिन झाला की पाया खणणार आहेत म्हणे. मुहूर्तसुद्धा कसा निवडलाय!

मी एवढंच सांगते. परत जा आणि परत मोज. महिनाअखेरपर्यंत काही झालं नाही, तर तुझं ते शासनमान्य कार्ड अर्जाला टाचून मी भूमी अभिलेखच्या कचेरीत स्वतः देईन. तू माझ्या भावाचा मुलगा आहेस म्हणून एवढी मुदत. दुसऱ्या कोणाला दिली नसती.

आत्या


चाकण,
१८ जानेवारी

प्रिय आत्या,

गेलो, परत मोजलं. तेच आलं, बोटाचाही फरक नाही. दुर्गामावशी दारात बसल्या होत्या. मी म्हसोबाच्या दगडावर रोव्हरची काठी धरली तेव्हा त्या उठून आत गेल्या. "च्या घे" म्हणाल्या नाहीत. बाकी त्या गावात मला कुणी चहाशिवाय सोडत नाही.

ज्योतीरामदादा नाइट शिफ्ट करून आलेले. म्हणाले, "भावा, तुझं मशीन कुनाच्या कंपनीचं हाय?" मी नाव सांगितलं. "मंग बरोबर. मशीन कंपनीचं, म्हनून कंपनीचीच बाजू घेतं." सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

सुजितसर म्हणतात, म्हातारीला समजाव, कंपनी तिला पलीकडे खोल्या बांधून देईल. पलीकडे म्हणजे ओढ्याच्या काठी. तू तिला समजावशील का? भिंत व्हायचीच आहे, आत्या. मोजणी दोनदा तीच आली, आता मी काय करू?

प्रज्वल


सांगवी,
२१ जानेवारी

चि. प्रज्वल,

एकाच चुकलेल्या घड्याळात दोनदा वेळ पाहिली की वेळ बरोबर होते का?

काल दुर्गाबाई पुन्हा येऊन गेली. तिने मला एक गोष्ट सांगितली. सांगण्याआधी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. मी असल्या गोष्टी मानत नाही हे तिला ठाऊक आहे. तरी म्हणाली, "तुमी मानत न्हाई, पर मी मानते. तुमच्या तोंडून गेलं तर माज्याच तोंडून गेलं." मी शब्द दिला. एकीकडे तिचं घर आणि दुसरीकडे तिलाच दिलेला शब्द, अशी माझी कोंडी झाली आहे. दुपारपासून तीन कागद फाडले. हा चौथा.

तुला एवढंच सांगू शकते. त्या दगडापासून सुरुवात करू नकोस. का, ते विचारू नकोस. दुसरा कोणताही जुना दगड शोध, कितीही लांब असला तरी. तो पकड आणि तिथून नकाशा बसव. मग जे येईल ते मी मान्य करीन. हद्द घरामागेच आली, तर मीच दुर्गाबाईचं सामान बांधायला जाईन.

पण हे भिंत उभी राहायच्या आत कर.

आत्या


चाकण,
२४ जानेवारी

आत्या,

रागाने लिहितोय, आधीच सांगतो.

तुझं देवादिकांशी काय वैर आहे ते सगळ्या घराला माहीत आहे. दिवाळीत शेजारच्या काकूंनी तुझ्या दाराला कुंकू लावलं म्हणून तू ब्रश घेऊन बसली होतीस. मीही विहारात जातो, मीही म्हसोबाला नवस बोलत नाही. पण मोजणीत तुझा राग आणू नकोस. शेंदूर लावलेला दगड आम्ही का धरतो ते माहीत आहे का? सख्ख्या भावाचा बांध रातोरात कोरणारा माणूससुद्धा शेंदराला हात लावत नाही. बाकी सगळे दगड माणसं सरकवतात. हा एकटाच ते सरकवत नाहीत. माझ्या आधीच्या प्रत्येक मोजणीवाल्याने मला हेच शिकवलंय.

आणि लांबचा दगड म्हणजे टेकडीवरचा. तिथे बाभळी आणि घाणेरी माजलेली, वाट नाही, कुणाला नीट जागाही माहीत नाही. त्यासाठी अख्खा दिवस जाईल. सुजितसरांना काय सांगू, माझ्या आत्याला देव आवडत नाहीत?

सही नाही करत.


चाकण,
३१ जानेवारी
(ज्योतीरामदादांच्या हाती)

प्रिय आत्या,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबरच आहे.

ते पत्र टाकल्यावर दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जाईना. तू कारण दिलं नव्हतंस. तू साधा चहा नाकारलास तरी त्याची कारणं सांगतेस, ती ऐकून पाहुण्याचा चहा गार होतो. आणि इथे एवढी मोठी गोष्ट, पण कारण नाही. तुला देव आवडत नाहीत, हे कारण असतं तर तू ते पानभर लिहिलं असतंस.

सुट्टी घेतली आणि टेकडीवर गेलो. ज्योतीरामदादांनी कोयता घेतला. घाणेरी तोडून तोडून दोघांचे हात सोलले. दगड सापडला. अर्धा मातीत, डोक्यावर जुनी फुली कोरलेली. त्याला कुणी शेंदूर लावला नव्हता, कुणी नारळ फोडला नव्हता. तिथून खाली जुन्या विहिरीजवळचा दुसरा दगडही सापडला. त्या दोन दगडांवर नकाशा बसवला.

आत्या, ओढा जागेवर आहे. नकाशात जिथे काढलाय, बरोबर तिथे. दुर्गामावशींचा बांध जागेवर आहे. त्यांचं घर, त्यांची विहीर, सगळं त्यांच्याच गटात. सगळा नकाशा चपखल बसतो. एकच खूण बसत नाही. शिवेवरचा तो दगड असायला हवा तिथून चाळीसेक फूट उत्तरेला आहे.

पुढचं मी लिहीत नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा काय झालं असेल ते मला कळलं, आणि तू का गप्प बसलीस तेही. मी ज्योतीरामदादांकडे बघितलं. ते कोयत्याची धार बघत होते.

सरांना सांगितलं. ते जराही चिडले नाहीत, याचीच भीती वाटली.

"चूक होते रे. दुरुस्त करून नवा नकाशा देऊ."

"कधी सर?"

"देऊ ना. भिंत झाल्यावर." मग म्हणाले, "तुझा अनुभवाचा दाखला टाइप करून ठेवलाय. सही तेवढी राहिलीय."

सोमवारी जेसीबी येणार आहे. मी एक निवेदन लिहिलंय. धामणमळ्यातल्या सळ्या मी ठोकल्या. कायद्याने मी भूमापक नाही, मला हद्द ठरवण्याचा अधिकार नाही. माझ्या खुणांना कायदेशीर अर्थ नाही, शिवाय त्या चुकीच्या आहेत. त्यांवर बांधकाम करू नये, सरकारी मोजणी व्हावी. भूमी अभिलेख, पोलिस चौकी आणि कंपनी, तिन्हीकडे देणार. म्हसोबाचा त्यात उल्लेख नाही. फक्त 'सुरुवातीची खूण चुकीची धरली' एवढंच लिहिलंय.

वाक्यं तुझ्याच पहिल्या पत्रातली आहेत. तू लिहिलीस तेव्हा ती शिवीसारखी लागली होती.

प्रज्वल


सांगवी,
१ फेब्रुवारी
(ज्योतीरामच्या हाती)

प्रज्वल,

थांब.

अर्ज देईन अशी धमकी मीच दिली होती, ठाऊक आहे. तरी म्हणते, थांब. मी कंपनीच्या वकिलांची पत्रं टाइप करत म्हातारी झाले. माणूस आपल्या हाताने स्वतःबद्दल जे लिहून देतो, ते त्याला आयुष्यभर वाचून दाखवलं जातं. 'कायद्याने मी भूमापक नाही' हे मी म्हणणं वेगळं. मी तोंडाळ म्हातारी आहे, माझं कोणी फायलीला लावत नाही. तुझ्या सहीने ते गेलं तर फायलीला लागेल.

दुसरा रस्ता काढू. दुर्गाबाईच्या नावाने तातडीच्या मोजणीचा अर्ज करू, वकील पाहू, मनाई हुकूम मागू. तुझं नाव कुठेही न आणता. एक आठवडा दे मला.

आणि निवेदनात सुजितचं नाव का नाही? कार्ड त्याने छापलं, सळ्यांची घाई त्याने केली, भिंत झाल्यावर दुरुस्ती हे त्याचे शब्द. सगळं आपल्या अंगावर घ्यायला तुला कोणी सांगितलं?

काही करण्याआधी मला फोन कर. हो, फोन. मीच सांगते आहे.

आत्या


चाकण,
२० मार्च

प्रिय आत्या,

त्या दिवशी फोन केला नाही, आणि त्यानंतर तू फोनवर जे बोललीस ते लिहून काढण्यासारखं नव्हतं. आता सगळं झालंय, तर सविस्तर लिहितो.

तुझं पत्र ज्योतीरामदादांनी दिलं तेव्हा जेसीबी बांधावर उभा होता. एक आठवडा नव्हता, आत्या. एक तासही नव्हता. निवेदन कंपनीच्या साइट इंजिनिअरच्या हातात दिलं. त्याने वाचलं, परत वाचलं, कुणाला तरी फोन लावला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "बंद कर रे." सरांचं नाव घातलं नाही, कारण दगडावर काठी त्यांनी नाही, मी धरली होती. संध्याकाळपर्यंत माझी नोकरी गेली, हे तुला माहीतच आहे.

सरकारी मोजणी मंगळवारी झाली. वर्षाली मॅडम म्हणून भूकरमापक होत्या, माझ्याच वयाच्या असतील. कंपनीचे वकील आले होते, सुजितसर आले होते आणि निम्मं गाव होतं. वकिलांनी आल्या आल्या म्हसोबाकडे बोट दाखवलं. "हा शिवेचा पुरातन दगड आहे, मॅडम. सगळं गाव साक्षीला आहे. इथूनच सुरुवात करा."

मॅडमनी गावाकडे बघितलं. "हा दगड कधी हलवलाय का?"

सरपंच मोबाइल बघायला लागले. उठवलेल्या देवात काही उरत नाही, असं मानणारं गाव. ते हलवलाय कसं म्हणणार? आणि नाही म्हणावं तर मावशी समोर उभ्या. वकील म्हणाले, "बघा, हलवलाय असं कुणीच म्हणत नाही." मी तोंड उघडणार होतो, पण मला बोलायचा काय अधिकार? तसं मीच लिहून दिलं होतं.

मॅडम सरळ दुर्गामावशींकडे वळल्या. "मावशी, जमीन तुमची जातेय. तुम्ही सांगा. देव हलवला होता?"

मावशींनी पदर डोक्यावर घेतला. म्हसोबाला हात जोडले. मला वाटलं, गेलं घर.

"देव हाय तितंच हाय, बाई," त्या म्हणाल्या. "देव कशाला हलतोय? रस्ता आला तवा जमीनच थोडी सरकली बगा त्याच्याखालनं."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय व्हय. जमीन सरकली." सरपंचांनी मोबाइल खिशात घातला. "सरकली खरी." सगळ्या गावाने माना हलवल्या. वकील म्हणाले, "जमीन सरकली म्हणजे काय?" पण मॅडमनी यंत्र उचललं होतं. "टेकडीवर दगड आहे ना? चला."

हद्द घराच्या दक्षिणेला, सुनेच्या मोरीपासून चांगली वीस पावलं पलीकडे आली. झेंडूचा शेवटचा वाफा मात्र कंपनीकडे गेला. तो आधीपासूनच त्यांचा होता म्हणे. मावशी म्हणाल्या, "जाऊंदे, तितं झेंडू कदी धड आलाच न्हाई."

निघताना मी वर्षाली मॅडमना परवान्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचं निवेदन आमच्या फायलीत आहे. परवान्याच्या वेळी ते निघेल. चांगल्यासाठी निघेल की वाईटासाठी, ते मला सांगता येत नाही."

सध्या पुनावळ्याला एका इमारतीच्या साइटवर लाइनदोरीने पाया आखायचं काम मिळालंय. त्याला यंत्र लागत नाही.

प्रज्वल


सांगवी,
२८ मार्च

चि. प्रज्वल,

तुला न विचारता काल सुजितच्या ऑफिसात गेले. दाखला मागायला. तू मला नको म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही.

त्याने बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. मी म्हटलं, "इतकी वर्षं मुलाने तुमच्याकडे मोजणी केली. तेवढंच लिहून द्या. कौतुक नको."

त्याने खणातून तुझ्या निवेदनाची झेरॉक्स काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. वाचा ना. हा मुलगा स्वतः लिहून देतो की तो भूमापक नाही, त्याला मोजणीचा अधिकार नाही. मग त्याने माझ्याकडे मोजणी केली, असा दाखला मी कसा देऊ? खोटा दाखला होईल तो."

प्रज्वल, मी ती झेरॉक्स परत सरकवली आणि उठले. ते वाक्य मुळात माझं आहे आणि त्यात मला कुठे फट सापडत नाही. थांब म्हणाले होते ते यासाठीच. पण तू थांबला असतास तर आज त्या मोरीवरून भिंत गेली असती, हेही मला दिसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात आणि मला झोप लागत नाही.

घरी आले तर दुर्गाबाई दारात बसलेली. झाला प्रकार मी तिला सांगितला. ती म्हणाली, "त्याला कागुदच पायजे ना? मंग आमी देतो." मी समजावलं, असल्या कागदाला परवान्याच्या कचेरीत कोणी हात लावणार नाही. ती म्हणाली, "नगा लावू. पर त्याच्याकडं असूंदे." ज्योतीरामला तिने बोलून लिहायला लावलं आणि आज तो शिफ्टला जाताना कागद देऊन गेला. भाषा मी सुधारलेली नाही. सुधारणार होते, पेन उघडलं होतं, मग ठेवून दिलं.

आत्या

* * *

धामणमळा

लिहून देनार दुर्गाबाई. लिहिनार ज्योतीराम.

प्रज्वल भालशंकर या पोरानं आमची जमीन मोजली. पयल्यांदा चुकीची मोजली, दुसऱ्यांदाबी तशीच. आमी त्याला कायबी सांगितलं न्हाई, सांगता येत नव्हतं. तरी तो परत आला आन टेकडीवर जाऊन मोजली. तिसऱ्यांदा बरोबर आली. सरकारी बाईंची बी तीच आली.

पयल्यांदा तो आला तवा त्याच्या मागं कंपनीची गाडी हुती. तिसऱ्यांदा चालत आला.

आमच्या घरात त्याला मोजनीवाला म्हनत्यात.

अंगठा डावा, दुर्गाबाई